सुपडूआबाच्या वाट्याची मूठ

सुपडूआबाला वजनाची भीती कधी वाटली नाही. दोंडाईच्याच्या बाजारात त्याने उभी हयात हमाली केली. मिरचीचं पोतं, गव्हाचं पोतं, सरकीचं पोतं. पोतं उचलण्याची रीत असते. कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यातून बसायचं. ओझं पाठीवर आलं की आधी श्वास सोडायचा, मग पाऊल टाकायचं. नवी पोरं अंगातल्या मस्तीने उचलत आणि पस्तिशीतच कंबर धरून बसत. सुपडूआबा रीतीने उचलायचा. काम सोडून तो शिंदखेड्याजवळच्या आपल्या गावी परत आला, तेव्हाही त्याची पाठ सरळ होती.

भीती वाटायची ती घरातल्या एका मडक्याची.

मडक्यात गहू होता, कानबाईच्या रोटाचा. श्रावणात एका रविवारी कानबाई घरी बसते. नारळाची देवी, तिला नथ, डोळे, लुगडं. कुळात जितके पुरुष तितक्या जणांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू मोजायचा. काल जन्मलेल्या पोराचीही मूठ पडते. तो गहू दळून पुरणाचे रोट करायचे आणि पुनवेच्या आत कुळातल्याच माणसांनी खाऊन संपवायचे. सासरी गेलेल्या लेकीलाही त्यातला घास द्यायचा नाही. खानदेशात हे पुष्कळ घरी चालतं. पण बहुतेक घरी गहू आता दुकानातून येतो. सुपडूआबाच्या कुळाचा गहू वेगळा होता. काळ्या कुसळाचा, माणसाच्या छातीला लागेल इतका उंच, दाणा लांबट, तांबूस आणि दाताला कडक. काळ्या रानात नुसत्या ओलीवर यायचा, पाणी मागायचा नाही. तो कोणी आणला, कुठून आणला, कोणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं एवढंच, की त्यातला दाणा कुळाबाहेर द्यायचा नाही.

एकदा दिला गेला होता. सुपडूआबाच्या जन्माआधी, एका दुष्काळात, त्याच्या आजीने पदराखालून शेजारणीला दिला. तिची पोरं उपाशी होती. श्रावण सरायच्या आत आजीचे दोन नातू गेले. गावभर गोवर होता हे सुपडूआबाची आईच सांगायची, आणि पुढच्याच वाक्यात गव्हाचं कारणही तीच सांगायची. त्यानंतर हा जन्मला. त्याला सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि दुसऱ्या बाईच्या हातून परत घेतलं, म्हणजे दैवाला वाटावं, हे पोर या घरचं नाहीच. म्हणून नाव सुपडू. गावात या नावाची आणखी माणसं होती, त्यांना नावाचं काही वाटत नसे. याला वाटायचं. आपण दोन पोरांच्या जागेवर बसलोय, असं त्याला लहानपणापासून वाटत आलं.

भाऊबंदांनी एकेक करून तो गहू पेरणं सोडलं. उतारा कमी, कुसळं हाताला बोचतात, मळणीयंत्रवाला नाक मुरडतो. शेवटी एकटा सुपडूआबा राहिला. हमालीच्या दिवसांतही तो कार्तिकात रजा टाकून यायचा आणि बांधाकडेची एक पट्टी पेरून जायचा. रोटाला सगळं कुळ त्याच्याच घरी जमायचं.

गेली काही वर्षं पट्टी बिघडली होती. एका साली काढणीच्या तोंडावर गारा पडल्या आणि सगळं रान झोपलं. पुढच्या साली पेरलं ते विरळ उगवलं, हातभर हातभर अंतरावर एकेक काडी. सुपडूआबाने तितरांना शिव्या दिल्या. मडक्यात आता जुना गहू उरला होता, बुडाला थोडासा.

आषाढात एक मुलगी मोटारसायकलवर गावात आली. तिचं नाव मृणाली. असोद्याची, शेतकरी घरातली, धुळ्याला एका संस्थेत कामाला. जुनी वाणं कुठे कुठे जिवंत आहेत त्याचा ती नकाशा करत होती. दादर ज्वारी कोणाकडे, देशी कापूस कोणाकडे, बांधावर रानवांगं कुठे, रानटी मूग कुठे. आढळलं की मोबाइलवर ठिपका. ती दारात आली तेव्हा शेवंताबाई, सुपडूआबाची बायको, शेंगा फोडत बसली होती. तिने पाणी दिलं, चहा दिला आणि बोलता बोलता मडक्याचंही सांगून टाकलं. सुपडूआबा घरात येईपर्यंत गोष्ट फुटलेली होती.

मुलीने दाणा बघायला मागितला. त्याने तळहातावर चार दाणे घेऊन दाखवले, हात पुढे केला नाही. तिनेही हात लावला नाही. तिने मोबाइल उघडून नकाशा दाखवला. तापीच्या काठाने, बुराईच्या काठाने ठिपकेच ठिपके. दादरचे ठिपके तर मुंग्यांच्या रांगेसारखे. मग तिने बाकीचे पुसले आणि या गव्हाचे तेवढे ठेवले. पडद्यावर एकच ठिपका राहिला. तो त्यांच्या घरावर होता.

तिने समजावलं. नकाशा शोभेसाठी नसतो. जिथे ठिपके दाट, तिथे घाई नाही, तिथले लोक आपापसांत बियाणं फिरवतात, एकाचं बुडालं तर दुसऱ्याचं असतं. जिथे ठिपका एकटा, तिथे आधी जायचं. या गव्हाचं नाव तिला वीसेक गावांतल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं. दाणा कोणाकडेच नव्हता. एक मूठ मिळाली तर धुळ्याच्या थंड खोलीत राहील, वाढवता येईल, दुसऱ्या केंद्रातही थोडा ठेवता येईल.

सुपडूआबाने सांगितलं, हा गहू कुळाबाहेर जात नाही.

त्याला वाटलं ती हसेल, किंवा व्याख्यान देईल. ती म्हणाली, "माहीत आहे, आबा. आमच्याकडेही कानबाई बसते. लग्न होईपर्यंत मलाही रोट मिळतो. मग बंद." आणि तिने मोबाइल बंद केला. जाताना तिने एवढंच सांगितलं, की निदान उगवून तरी बघा. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवा. किती येतात ते तुम्हालाच कळेल.

गोणपाटाचं त्याला कोणी शिकवायला नको होतं. त्याने पोतं फाडलं, भिजवून पिळलं, दहा दहाच्या ओळी मांडल्या आणि गुंडाळी करून माठाशेजारी ठेवली. रोज पाणी शिंपडलं. आठवड्याने उघडली. नऊ दाण्यांना कोंब होते. बाकीच्यांवर बुरशीची पांढरी लव आली होती, बोटाने दाबलं की पीठ व्हायचं.

त्याने उकिडवं बसून एकेक दाणा उचलून बघितला. किडीने खाल्लं म्हणावं तर दाणा अखंड होता. ओल म्हणावी तर मडक्यात राख होती, कडुनिंबाचा पाला होता, तोंडावर शेणाचा लेप होता. जसं आईने ठेवलं, तसंच ठेवलं होतं. तो उठला आणि मडक्यापाशी गेला. पावसाने उघडीप दिली होती, दुपारचं ऊन पडलं होतं. मडक्याला हात लावला आणि चटका बसला तसा त्याने तो मागे घेतला.

मडकं देव्हाऱ्यात होतं. देवीचा गहू देवीजवळ, ही घराची रीत. जुनं घर धाब्याचं होतं, हातभर मातीचं छत. देवाची खोली घरात सगळ्यात आत, भर वैशाखात तिथे अंगावर काटा यायचा इतका गारवा. चार वर्षांपूर्वी ते घर खचलं आणि पत्र्याचं घर झालं. देव्हारा पश्चिमेच्या भिंतीला, उंचावर, पत्र्याला डोकं लागेल असा बसवला. देव खाली कसे ठेवायचे? आणि देवांबरोबर मडकंही वर गेलं. तिथे चार उन्हाळे त्याने काढले. इकडचा उन्हाळा असा, की दुपारी पत्र्याखाली माणूस बसत नाही, कुत्रंही बसत नाही.

गारांनी थोडा नेला. बाकीचा घरच्यांच्या भक्तीनेच भाजून निघाला होता.

 आजवर भीती एकाच बाजूने होती, की दाणा बाहेर जाऊ नये. आता ती दुसऱ्या बाजूनेही आली. कानबाईने विचारलं, माझा गहू कुठे आहे, तर काय सांगायचं? तुझ्याच पायाशी मारला, असं?

त्याने मडकं उतरवून खाटेखाली, फरशीवर ठेवलं. शेवंताबाईने कारण विचारलं. त्याने सांगितलं. ती पदर तोंडाला लावून बसली. मग म्हणाली, तो देव्हारा मीच वर बसवायला लावला.

कानबाईचा रविवार जवळ आला होता. सुपडूआबा चुलतभावाकडे, बन्सीलालभाऊंकडे गेला. कुळात तेच वडीलधारे. यंदा रोट दुकानातल्या गव्हाचे करू, हा राहू दे बियाण्याला, असं त्याने चाचरत मांडलं. उगवणीचं बोलायची हिंमत झाली नाही. बन्सीलालभाऊंनी तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं आणि जमलेल्या भाऊबंदांसमोर त्याला सोलला. क्विंटलची पोती पाठीवर नाचवणारा माणूस, आणि मूठभर दाण्यासाठी याचा हात आखडतो. देवीच्या ताटात बाजारचा लोकवन घालतोस? उद्या नारळाऐवजी बटाट्याला नथ घालशील. सगळे हसले. सुपडूआबाही हसला. पण मोजदाद त्याच्या मनात चालू होती. कुळातले पुरुष आणि मडक्यातला गहू यांचा मेळ जेमतेम बसत होता. रविवारी मडकं रिकामं होणार होतं.

थोडा लपवून आपणच कार्तिकात पेरावा, हेही त्याच्या मनात आलं. पण शंभरातले नऊ. कार्तिकापर्यंत त्यातले किती जगतील? आणि पुन्हा गारा पडल्या तर? त्याला मूठभर दाणे थंड जागी आणि दोन ठिकाणी हवे होते. तशी जागा त्याच्याकडे नव्हती, त्या मुलीकडे होती.

द्यायचं म्हटलं की सुरतचा नातू डोळ्यांपुढे यायचा. मुलगा समाधान उधन्याला साडीच्या मिलमध्ये होता. त्याचा कुंदन, चार वर्षांचा. आजीचेही नातूच गेले होते.

दोन दिवस त्याने अन्न नावाला खाल्लं. मग त्याला एक वाट दिसली. मडक्यातली एक मूठ त्याची स्वतःची होती. त्याच्या नावाची, कुळाच्या हिशोबात त्याच्या वाट्याची. ती दिली तर दुसऱ्या कोणाचं काही जात नव्हतं. देवी कोपली तर ज्याची मूठ, त्याच्यावर कोपेल. आपलं आयुष्य तसंही देवाच्या नजरेआडून आणलेलं आहे, साठीच्या वर चाललं आहे, आणखी किती हवं? हा हिशोब त्याने शेवंताबाईला ऐकवला. तिला तो आवडला नाही. पण दुसरा तिच्याकडे नव्हता.

निरोपावरून मृणाली आली तेव्हा त्याने सव्वा मूठ मोजली, धोतराच्या धुतलेल्या तुकड्यात बांधली आणि तिच्या हातात न देता ओट्यावर ठेवली. तिने ती ओट्यावरून उचलली. देणंही झालं नाही, घेणंही झालं नाही, असं दोघांनी मिळून जमवलं.

रविवारी दळणाआधी मुठी पडल्या. रीत अशी, की वडीलधाऱ्याने ओसरीवर बसून एकेक नाव घ्यायचं आणि आत मोजणाऱ्याने मूठ सुपात टाकून "पडली" म्हणायचं. बन्सीलालभाऊ नावं घेत होते. मेलेल्यांची वगळून, नव्या पोरांची जोडून, एकही न चुकता. आत सुपडूआबा टाकत होता, शेवंताबाई सूप धरून होती. समाधान. पडली. कुंदन. पडली. मग बाहेरून आवाज आला, "सुपडू." त्याने पिशवीतल्या लोकवनाची मूठ भरली. दाणे पांढरट, फुगीर, एकदम वेगळे. शेवंताबाईने सूप हलवून ते खालीवर केले.

"पडली," सुपडूआबा म्हणाला. आवाज ओसरीपर्यंत पोचला नाही. बाहेरून बन्सीलालभाऊंनी विचारलं, की जेवला नाहीस का. त्याला पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्याने. देवीसमोर एकच खोटं दोनदा बोलणं झालं.

रोट झाले, आरती झाली, बायकांनी फुगड्या घातल्या.  सुपडूआबाने आपल्या नावाचा रोट खाल्ला. गिळताना त्याची नजर नारळाच्या डोळ्यांवर होती. सोमवारी सकाळी कानबाई वाजतगाजत नदीला गेली. त्याला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. पायात काटा मोडला तेव्हा तर त्याला बरंच वाटलं, एवढ्यावर भागलं म्हणून.

पुनव व्हायच्या आत सुरतहून फोन आला. कुंदनला ताप होता. तीन दिवस अंगावर काढला, आता दवाखान्यात ठेवलं आहे. डेंग्यू म्हणतात, पेशी कमी झाल्यात. समाधान शांतपणे सांगत होता, शांत राहायचं ठरवून बोलणाऱ्या माणसासारखा. गल्लीत आणखी पोरं आजारी आहेत, असंही त्याने सांगितलं. गावभर गोवर होता, तसंच.

सुपडूआबाने फोन ठेवला आणि भिंतीला टेकला. देवीने त्याचा हिशोब मानला नव्हता. त्याने अंग पुढे केलं होतं आणि तिने त्याला ओलांडून पोराला धरलं.  शेवंताबाईने त्याची टोपी आणि पिशवी आणून दिली. कुठे जायचं हे बोलावं लागलं नाही. ती मूठ परत आणायची होती. पुनव झालेली नव्हती. आणून, दळून, रोट करून खाल्ला, तर अजून वेळ गेली नव्हती.

धुळ्याची एसटी मिळाली. बसायला जागा होती तरी तो दांडी धरून उभा राहिला. बसलं तर गाडी हळू चालते, असं त्याला वाटत होतं. नरडाण्यापाशी गाडी थांबली, कंडक्टर चहाला उतरला. खिडकीशी बसलेल्या बाईने विचारलं, बाबा, कोणी आजारी आहे का. त्याने मान हलवली. तिने पुढे विचारलं नाही, पिशवीतलं केळं काढून दिलं. ते त्याने हातात धरूनच धुळे गाठलं.

संस्था शोधायला वेळ लागला. मृणाली आत काम करत होती. तिने त्याला बघितलं, आधी खुर्ची दिली, पाणी दिलं. तो बसला नाही. मूठ परत दे, म्हणाला. कारणही सांगितलं, तुटक तुटक.

ती आत गेली आणि एक पसरट तबक घेऊन आली. त्यात ओला कागद होता. नुसतं ठेवून ते मरतच गेले असते म्हणून तिने दाणे भिजवले होते, मेलेले वेचून टाकले होते. राहिलेल्यांना पांढरी मुळं फुटली होती आणि टोकाला हिरवा कोंब, नखाएवढा. उद्या ते कुंड्यांत लावायचे होते, थंड खोलीत दिव्यांखाली.

"आबा, हे तुमचं आहे," ती म्हणाली. "न्यायचं तर न्या, मी अडवणार नाही. पण याचं आता पीठ होणार नाही. आणि पिशवीतून नेलं तर घरी पोचेपर्यंत मरतील."  तिलाही पोराची भीती वाटली होती, आणि ती लपवणं तिला जमलं नाही.

त्याने तबक हातात घेतलं. आयुष्यात त्याने इतकं हलकं काही उचललं नसेल.  त्याने ते टेबलावर ठेवलं आणि ओसरीवर जाऊन समाधानला फोन लावला. पेशी अजून कमीच होत्या. सकाळपेक्षाही कमी. डॉक्टर म्हणाले, आजची रात्र बघू.

फोन बंद झाला. समोर रस्त्यावर कोणी ट्रकमध्ये पोती भरत होतं. जमिनीवरून ट्रकपर्यंत लावलेली फळी, आणि फळीवरून एक जण पोतं घेऊन चढत होता. सुपडूआबा बघत राहिला. फळीच्या मध्यावर कधी कधी पाय लटपटतात. फळी हलते, खाली जमीन दिसते. नवा हमाल तिथे मागे वळायला बघतो आणि पोत्यासकट पडतो. फळीवर वळता येत नाही. भीती वाटली तरी पुढचंच पाऊल टाकायचं असतं.

त्याने ओसरीवरच हात जोडले. कोणत्या दिशेला जोडायचे ते त्याला कळलं नाही.

"मना नावनी मूठ व्हती, माय," तो पुटपुटला. "जे करनं शे ते मनं कर. पोऱ्याले सोड."

मग आत येऊन त्याने मृणालीला सांगितलं, लाव उद्या. आणि संध्याकाळच्या गाडीने तो सुरतला गेला. तीन दिवस दवाखान्याच्या जिन्यात बसला. आत एकालाच सोडत होते आणि तो मान आईचा. पेशी दुसऱ्या दिवशी घसरायच्या थांबल्या, तिसऱ्या दिवशी वाढल्या. कुंदनने आजोबाला बघून आधी काय विचारलं, तर केळं आणलं का. एसटीतलं ते केळं तोवर पिशवीत काळं पडलं होतं.

पोरगा बरा झाला म्हणून सुपडूआबाची भीती गेली, असं कोणी समजू नये. गल्लीतली बाकीची पोरंही बरी झाली होती. त्यांच्या घरी ना कानबाई होती ना गहू. त्याला यातून काहीच सिद्ध करता येईना, इकडूनही नाही, तिकडूनही नाही. फोन वाजला की त्याचा हात अजूनही आधी छातीकडे जायचा.

मार्गशीर्ष लागता लागता मृणाली आली. थंड खोलीतली रोपं जगली होती, बुटकी राहिली, पण ओंब्या धरल्या. निम्मे दाणे तिथे ठेवून निम्मे तिने कागदी पुडीत आणले होते. आता भाऊबंदांना सांगणं भाग होतं. सुपडूआबाने बन्सीलालभाऊंना बोलावलं, आणखी दोघातिघांना बोलावलं, आणि मूठ कशी दिली, लोकवन कसा टाकला, "पडली" कसं म्हटलं, सगळं सांगितलं. मान वर न करता.

बन्सीलालभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, जो गहू कुळाबाहेर जाऊन आला, तो रोटाला चालत नाही. बाटला तो. पेर, कोंबड्यांना घाल, काय करायचं ते कर.

आतून शेवंताबाई बाहेर आली. मोठ्या दिरासमोर ती सहसा बोलत नसे. डोक्यावरचा पदर पुढे ओढून तिने विचारलं, "भाऊ, आम्ही बायका कोना कुळन्या शेतस? बठ्ठ्या परकुळथीन आयेल शेतस. मंग आमना हातना रोट तुमले कसा चालस?"

 एकाने खोकून घेतलं. बन्सीलालभाऊ पुडीकडे बघत होते. त्यांनी ती उघडली, एक दाणा काढून पुढच्या दातांखाली धरला आणि कडक लागल्यावर मान हलवली. बापाच्या हातचा दाणा त्यांनीही लहानपणी असाच चावला असणार.

"श्रावणले देखूत," ते म्हणाले. होही नाही, नाहीही नाही. जाताना ओट्याखालून मागे वळून त्यांनी विचारलं, की पेरणार कशाने. पाभरीने पेरशील तर निम्मं वाया जाईल.

सुपडूआबाला ते ठाऊक होतं. त्याने आणि शेवंताबाईने पट्टी टोबली. बोटाने भोक, भोकात एक दाणा, वर माती, हाताने दाब. पुढचं भोक वीतभर अंतरावर. बैल नाही, यंत्र नाही, उकिडवं सरकत जायचं. पोत्यापेक्षा हे काम अवघड. पोतं एकदा टाकलं की सुटतं, इथे प्रत्येक दाण्याला वाकावं लागतं. दुपारपर्यंत दोघांचे गुडघे धरले. दाणे संपले तेव्हा पट्टीचा एक कोपराच भरला होता.

उगवलं मात्र भोकागणिक. माघात ओंब्या बाहेर पडल्या, कुसळं काळी होत गेली. समाधान दर रविवारी फोनवर आधी कुंदनची तब्येत सांगायचा, न विचारता, कारण बापाचा श्वास अडलेला त्याला पलीकडून ऐकू यायचा.

चैत्राच्या तोंडावर एके दिवशी दुपारी पश्चिमेला ढग उठला. खालून पांढरा, वरून जांभळा. वारा पडला, मग एकदम गार वाहू लागला. असाच ढग गारांच्या त्या साली उठला होता. सुपडूआबा खाटेवरून उठला, विळे घेतले आणि शेवंताबाईला हाक न मारता चालू लागला. तिने घराला कडी घातली आणि ती मागोमाग आली.

दाणा अजून पुरता वाळला नव्हता. चार दिवस हवे होते. त्याने बोटांनी चुरून बघितलं आणि वाकला. कापायची रीत असते. मूठ धरायची, विळा बुडाशी लावायचा, ओढायचं, आपटायचं नाही, दाणा गळता कामा नये. घाई असली तरी हात रीतीनेच चालवायचा. शेवंताबाई दुसऱ्या टोकाने येत होती. तिने एकदा सरळ होऊन ढगाकडे बघितलं आणि म्हणाली, धुळ्याला आहे ना थोडा.

"शे," तो म्हणाला, आणि कापत राहिला. धुळ्याला होता, हे तो जाणून होता. भीती तरी होतीच. पहिली गार बांधावरच्या बाभळीत पडली, बोराएवढी. दुसरी त्याच्या पाठीवर. त्याने मूठ आवळली आणि पुढची काडी धरली.